पेशीतली घंटागाडी आणि विषाणू

मागील अंकात या सदरात ऑटोफॅजीची, म्हणजे पेशीच्या स्वभक्षणाची, ओळख करून दिली होती. पेशी आपल्यातली जीर्ण प्रथिने आणि मोडकी पेशीअंगके दुहेरी पटलाच्या एका पिशवीत गुंडाळते, ती पिशवी लयकारिकेला (लायसोसोमला) जाऊन मिळते, आणि आत गेलेल्या मालाचे पचन होऊन सुटे झालेले घटक पुन्हा वापरात येतात, असे त्याचे सार होते. समजायला सोपे जावे म्हणून पिशवीला घंटागाडी आणि लयकारिकेला कचरा डेपो म्हटले होते. ‘विषाणू या घंटागाडीचे भक्ष्यही होतात आणि प्रवासीही’ एवढे एकच वाक्य विषाणूंविषयी होते, पण आलेली बहुतेक पत्रे त्या वाक्यावरच आहेत. त्यांतील निवडक प्रश्न येथे घेतले असून पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : घंटागाडी विषाणूंना उचलून डेपोत नेत असेल, तर आपण आजारी का पडतो? हे संरक्षण खरे आहे, की प्रयोगशाळेपुरतेच? — निवृत्त मुख्याध्यापक, सातारा

उत्तर : संरक्षण खरे आहे, पण त्याचा पहिला ठोस पुरावा आडवाटेने हाती लागला. बेल्जियमचे क्रिस्तियान द द्यूव यांनी १९६३ मध्ये ‘ऑटोफॅजी’ हे नाव दिले, तेव्हा ती पेशीच्या पोटापाण्याची आणि साफसफाईची व्यवस्था समजली जात होती. जपानचे योशिनोरी ओसुमी यांनी १९९० च्या दशकात यीस्टची उपासमार करून या कामाची जनुके शोधली आणि त्यासाठी त्यांना २०१६ चे नोबेल मिळाले, त्या शोधातही विषाणूंचा संबंध नव्हता. तो जोडला अमेरिकेतील बेथ लेव्हिन यांनी. त्या डासांमार्फत पसरणाऱ्या सिंडबिस या विषाणूमुळे उंदरांच्या मेंदूला येणाऱ्या सुजेचा अभ्यास करीत होत्या. पेशीचा मृत्यू रोखून धरणाऱ्या बीसीएल-२ या प्रथिनाला आणखी कोण येऊन चिकटते, हे पाहताना त्यांच्या गटाला एक अनोळखी प्रथिन सापडले, आणि त्याचे नाव त्यांनी बेक्लिन-१ ठेवले. बेक्लिनचे जनुक सिंडबिस विषाणूच्याच जनुकसंचात बसवून तो विषाणू उंदरांच्या मेंदूत सोडल्यावर विषाणूंची संख्या घटली आणि मरणाऱ्या चेतापेशीही कमी झाल्या. हे १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. बेक्लिन हे यीस्टमधल्या ऑटोफॅजीच्या एका प्रथिनाचे सस्तन प्राण्यांतले भावंड असून ऑटोफॅजी चालू करते, हे पुढच्याच वर्षी दाखवले गेले.

याहून बोलका पुरावा मात्र विषाणूंनीच दिला आहे, असे मला वाटते. ज्या दाराला कुलूप नाही त्याची किल्ली चोर कशाला बनवेल? ताप येऊन गेल्यावर ओठाच्या कडेला जे फोड उठतात, त्यांना कारण असलेल्या हर्पीस सिम्प्लेक्स विषाणूकडे आयसीपी-३४.५ नावाचे प्रथिन असते आणि ते नेमके बेक्लिनला धरून ठेवते, त्यामुळे घंटागाडी बांधण्याचे कामच सुरू होत नाही. या प्रथिनाचा बेक्लिनला धरणारा तुकडा काढून टाकलेला विषाणू उंदरांच्या मेंदूत पूर्वीसारखा घातक राहत नाही, असे २००७ मध्ये दिसून आले. एड्सच्या विषाणूचे नेफ हे प्रथिनही बेक्लिनलाच गाठते, आणि हर्पीसच्या गोतावळ्यातल्या काही कर्करोगकारक विषाणूंनी तर बीसीएल-२ ची स्वतःची नक्कल तयार करून तिच्याकरवी बेक्लिनला अडवून ठेवले आहे. माणसांतला पुरावा थोडा असला तरी तो आहे. हर्पीसच्या दुसऱ्या प्रकारामुळे ज्यांना पुन्हा पुन्हा मेंदूच्या आवरणाचा दाह होत होता, अशा काही रुग्णांत ऑटोफॅजीच्या जनुकांमध्ये दोष आढळले, हे २०२० मध्ये प्रसिद्ध झाले.

आता, आपण आजारी का पडतो? आपल्यापर्यंत पोहोचलेला प्रत्येक विषाणू हा या पहाऱ्यातून निसटलेल्यांचा वंशज आहे, हे त्याचे एक उत्तर. दुसरे असे की काही विषाणूंना हा पहारा नुसता चुकवायचा नसतो, तर कामाला लावायचा असतो. पुढची बरीच उत्तरे त्याविषयी आहेत.

प्रश्न : आमच्या पुस्तकात लयकारिकांना ‘आत्मघाती पिशव्या’ म्हटले आहे. मग विषाणू शिरला की पेशी आत्महत्या करते आणि तिलाच ऑटोफॅजी म्हणतात का? — इयत्ता नववीचा विद्यार्थी, सांगली

उत्तर : नाही. ‘आत्मघाती पिशवी’ हा शब्दप्रयोग द द्यूव यांचाच, आणि तो इतका नाट्यमय आहे की पाठ्यपुस्तकांतून तो जाता जात नाही. पेशीचा नियोजित मृत्यू ही वेगळी प्रक्रिया आहे. ती कॅस्पेझ नावाच्या विकरांकडून (एन्झाइमांकडून) घडते, आणि तिला लयकारिका फुटण्याची गरज नसते. ऑटोफॅजी बहुतांशी पेशीला जगवण्यासाठी असते. चिकुनगुनियाच्या विषाणूने बाधित झालेल्या पेशींत ऑटोफॅजी हा नियोजित मृत्यू लांबवते, असे २०१२ मध्ये दाखवले गेले आहे. परीक्षेत मात्र पुस्तकातले उत्तर लिहावे, हे सांगणे माझ्या जिवावर येते, पण सांगतो.

प्रश्न : प्रबंधासाठी वाचताना ‘संसर्गानंतर ऑटोफॅगोसोमची संख्या वाढली’ हे वाक्य जवळजवळ प्रत्येक शोधनिबंधात भेटते. त्यावरून एक गट म्हणतो की पेशी लढत आहे, दुसरा म्हणतो की विषाणू या प्रक्रियेचा फायदा घेत आहे. एकाच निरीक्षणावरून दोन निष्कर्ष कसे निघतात? — एम.एस्सी.ची विद्यार्थिनी, नांदेड

उत्तर : आलेल्या पत्रांत हा प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटला, म्हणून याचे उत्तर थोडे सविस्तर देतो. ऑटोफॅगोसोम म्हणजे आपली भरलेली घंटागाडी. सकाळी गल्लीच्या तोंडाशी एकाच्या जागी पाच घंटागाड्या उभ्या दिसल्या, तर पालिका अचानक तत्पर झाली असे म्हणता येईल. किंवा डेपोचे फाटक बंद असल्यामुळे गाड्या रिकाम्या न होता परत येऊन उभ्या राहिल्या आहेत, असेही म्हणता येईल. छायाचित्रात दोन्ही प्रसंग सारखेच दिसतील. सूक्ष्मदर्शकाखालच्या पेशीचे चित्र हे असेच छायाचित्र असते, आणि या क्षेत्रातल्या पहिल्या काही वर्षांतले अनेक दावे त्या एका छायाचित्रावर उभे होते.

म्हणून गाड्या मोजण्याऐवजी त्यांची वाहतूक, म्हणजे ऑटोफॅजीचा प्रवाह, मोजावा लागतो. गाडीच्या पटलाला एलसी-३ नावाचे प्रथिन जोडलेले असते आणि कचरा गाडीत चढवणारे पी-६२ हे प्रथिन कचऱ्याबरोबर स्वतःही डेपोत पचून जाते. गाड्या वाढल्या आणि पी-६२ घटले, तर डेपो चालू आहे; गाड्या वाढल्या आणि पी-६२ ही साचत गेले, तर फाटक बंद असण्याची शक्यता अधिक. आणखी एक खात्रीची रीत अशी की, बॅफिलोमायसिनसारखे द्रव्य घालून डेपो आपणच बंद करायचा आणि मग पाहायचे. गाड्यांची संख्या त्यानंतर आणखी चढली, तर तोवर त्या रिकाम्या होत होत्या. जराही चढली नाही, तर विषाणूने ते फाटक आधीच लावलेले होते. एलसी-३ ला लाल आणि हिरवा असे दोन चमकणारे रंग एकदम जोडण्याची युक्तीही रूढ आहे. हिरवा रंग लयकारिकेतल्या आम्लात विझतो आणि लाल टिकतो, त्यामुळे नुसता लाल ठिपका म्हणजे डेपोत पोहोचलेली गाडी आणि पिवळा ठिपका म्हणजे वाटेतली. पी-६२ चे उत्पादनही संसर्गात वाढू शकते, तेव्हा कोणत्याही एकाच खुणेवर विसंबू नये.

या कसोट्या लावल्यावर इन्फ्लुएन्झा-ए चे चित्र पालटले. या विषाणूच्या एम-२ या प्रथिनामुळे ऑटोफॅगोसोम लयकारिकेला मिळू शकत नाहीत आणि पेशीत गाड्यांची रांग लागते, हे २००९ मध्ये दिसले. पुढे २०१४ मध्ये असेही कळले की एम-२ वर एलसी-३ ला चिकटणारा तुकडा असून त्याच्या जोरावर ते एलसी-३ ला पेशीच्या बाह्य पटलाकडे, म्हणजे नवे विषाणू जेथून बाहेर पडतात तेथे, ओढून नेते. कोविडच्या विषाणूचे ओआरएफ-३-ए हे प्रथिन गाडी आणि डेपो यांना जोडणाऱ्या हॉप्स नावाच्या प्रथिनसमूहातील व्हीपीएस-३९ ला अडकवते, हे २०२१ मधले संशोधन. त्यातली विशेष गोष्ट अशी की २००३ च्या सार्स विषाणूकडेही याच नावाचे प्रथिन आहे, पण त्याला हे फाटक अडवता येत नाही. याच्या जोडीला आणखी एक निरीक्षण ठेवून पाहावे. कोविडचा विषाणू ज्या कुळातला, त्या बीटा-कोरोना विषाणूंची नवी प्रजा नेहमीच्या स्रावमार्गाने बाहेर न पडता आम्लता गमावलेल्या लयकारिकांतून बाहेर पडते, असे २०२० मध्ये आढळले. जेथे नष्ट व्हायचे, तेच या विषाणूंनी बाहेर पडण्याचे दार केले आहे.

तेव्हा प्रबंधात ‘ऑटोफॅजी वाढली’ हे वाक्य लिहिण्यापूर्वी, कोणत्या पेशीत, संसर्गानंतर किती तासांनी आणि कोणत्या कसोटीवर, हे तीन तपशील शेजारी लिहून पाहावेत. दोन गटांतले अर्धे भांडण तेथेच मिटते.

प्रश्न : पल्स पोलिओच्या प्रशिक्षणात पोलिओचा विषाणू आतड्यातल्या पेशी फोडून बाहेर पडतो असे ऐकले होते. आपण लिहिता की विषाणू प्रवासीही होतो. पोलिओच्या बाबतीत यातले खरे काय? — अंगणवाडी सेविका, नंदुरबार जिल्हा

उत्तर : दोन्ही खरे आहे. पोलिओने बाधित पेशीत दुहेरी पटलाच्या असंख्य पिशव्या दिसतात, हे जॉर्ज पलाडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली १९६५ मध्येच पाहिले होते, पण त्या काय आहेत हे तेव्हा उलगडले नाही. या पिशव्यांवर ऑटोफॅजीच्याच खुणा आहेत आणि ही यंत्रणा मंदावली की विषाणूंची पैदासही घटते, हे स्टॅनफर्ड येथील कार्ला किर्केगार्ड यांच्या गटाने २००५ मध्ये दाखवले. पेशी फुटण्याआधीच काही विषाणू अशा पिशव्यांतून गुपचूप बाहेर पडतात, हा विचार तेथून बळावला. त्याचा लाभ असा की एका पिशवीत बरेच विषाणू एकत्र असतात आणि ते नव्या पेशीत एकगठ्ठा शिरतात. एकेकट्याने शिरण्यापेक्षा हा प्रकार अधिक परिणामकारक ठरतो, असे २०१५ च्या प्रयोगांत आढळले.

याच विषाणूला आत शिरताना मात्र घंटागाडीची धास्ती असते. पोलिओचा विषाणू ज्या पुटिकेतून, म्हणजे पटलाच्या इवल्या पिशवीतून, पेशीत येतो, तिला भोक पाडून तो आपले आरएनए बाहेर काढतो. ते भोक गॅलेक्टिन-८ नावाच्या प्रथिनाच्या लक्षात येते आणि त्या पुटिकेवर ‘ही उचला’ अशी खूण पडते. गाडी येण्याआधी आरएनए निसटले पाहिजे, आणि त्या घाईत पेशीचेच पीएलए-२-जी-१६ हे विकर विषाणूच्या मदतीला येते, हे २०१७ मध्ये उघड झाले. येताना जिच्यापासून पळायचे, जाताना तिच्यातच बसायचे! भारतातला नैसर्गिक पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यात आढळला. आपल्यासारख्यांनी दारोदार जाऊन थेंब पाजले नसते, तर यातले काहीही केवळ कुतूहलाने वाचण्याजोगे राहिले नसते.

प्रश्न : गेल्या पावसाळ्यात माझ्या मुलाला डेंग्यू झाला होता. डेंग्यूचा विषाणू पेशीतली चरबी खातो, असे कोठेतरी वाचले. मग आजारात तेलतूप बंद करावे का? — गृहिणी, ठाणे

उत्तर : आधी दुसऱ्या भागाचे उत्तर देतो : नाही. पेशीतला मेदाचा थेंब आणि ताटातले तूप यांचा असा सरळ हिशेब लागत नाही. डेंग्यूमध्ये महत्त्वाचे असते ते पुरेसे पाणी व पातळ पदार्थ पोटात जाणे, आणि ताप उतरताना पोटात दुखणे, सतत उलट्या, रक्तस्राव किंवा गळून जाणे अशी लक्षणे दिसताच रुग्णालय गाठणे.

आपण वाचलेली गोष्ट मात्र निराधार नाही. पेशी आपला मेद थेंबांच्या रूपात साठवते आणि गरज पडली की घंटागाडी त्या थेंबांनाही उचलते. डेंग्यूचा विषाणू हीच वाट मोकळी करतो, थेंबांतून सुटलेली मेदाम्ले तंतुकणिकांत जळतात, आणि त्यातून मिळणारी ऊर्जा विषाणूच्या प्रतिकृती तयार करण्याकडे वळते, असे २०१० मध्ये शिकागो येथील दोन संशोधकांनी दाखवले. ऑटोफॅजी रोखल्यावर विषाणूची वाढ मंदावली, पण बाहेरून मेदाम्ले पुरवल्यावर ती पुन्हा सावरली. या एका प्रयोगामुळे तो निष्कर्ष मला भक्कम वाटतो.

पण हाच विषाणू ऑटोफॅजीची दुसरी शाखा तोडूनही टाकतो. आंतर्द्रव्यजालिकेचे, म्हणजे पेशीत पसरलेल्या पटलांच्या जाळ्याचे, जुने तुकडे गाडीत चढवणारे फॅम-१३४-बी नावाचे प्रथिन पेशीत असते. डेंग्यूचा विषाणू आपले कारखाने याच जालिकेवर उभारतो, तेव्हा ती उचलली जाणे त्याला परवडणारे नसते. म्हणून त्याचे प्रथिन कापणारे विकर फॅम-१३४-बी चे दोन तुकडे करते. झिका आणि वेस्ट नाईल या त्याच्या भाऊबंदांचेही तसेच आहे. म्हणजे सुका कचरा नेणारी गाडी चालू ठेवायची आणि ओला कचरा नेणारी बंद पाडायची, इतकी ही निवड बारकाईची आहे.

प्रश्न : ऑटोफॅजी वाढवून विषाणू मारणारे औषध का काढत नाहीत? — वैद्यकीय प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ, अहिल्यानगर

उत्तर : प्रयत्न झाले आहेत, आणि त्यांतला एक सांगण्यासारखा आहे. एड्सच्या विषाणूचे नेफ प्रथिन बेक्लिनला धरते हे वर आलेच आहे. बेक्लिनचा नेफ जेथे धरते तेवढाच भाग घेऊन लेव्हिन यांच्या गटाने एक लहानसे पेप्टाइड तयार केले, आणि पेशीत शिरता यावे म्हणून त्याला एड्सच्याच विषाणूच्या टॅट या प्रथिनाचा तुकडा जोडला. कोठे घाव घालावा हे विषाणूने दाखवले आणि आत जाण्याची वाटही त्याचीच वापरली. या पेप्टाइडने ऑटोफॅजी वाढली, आणि चिकुनगुनिया किंवा वेस्ट नाईल विषाणूने बाधित उंदरांच्या पिल्लांतले मृत्यू कमी झाले, असे २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले.

आता त्याच वर्षी आलेला दुसरा शोध याच्याशेजारी ठेवा. चिकुनगुनियाचा विषाणू पेशीत असताना पी-६२ हे प्रथिन विषाणूच्या कवचाचे प्रथिन पकडून डेपोत पाठवते, म्हणजे आपल्या बाजूने काम करते. एनडीपी-५२ हे गाडीत माल चढवणारे दुसरे प्रथिन मात्र, माणसाच्या पेशीत, विषाणूच्या एनएसपी-२ ला चिकटते आणि विषाणूची वाढ होऊ देते. उंदराच्या एनडीपी-५२ ला ही फितुरी जमत नाही. २००६ च्या साथीत ज्यांचे सांधे महिनोन्महिने धरले होते, अशी माणसे महाराष्ट्रात गावोगाव आहेत. त्यांना देण्याचे औषध उंदरांत उपयोगी ठरले एवढ्यावर का थांबता येत नाही, ते या एका प्रथिनावरून कळावे. रॅपामायसिन हे ऑटोफॅजी वाढवणारे जुने औषध आहे, पण ते अवयव प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबण्यासाठी देतात, तेव्हा संसर्गात ते सरसकट वापरणे म्हणजे आगीतून फुफाट्यात.

प्रश्न : सोळा तास उपाशी राहिल्याने ऑटोफॅजी सुरू होते आणि शरीरातले विषाणू जळून जातात, असे संदेश फिरत असतात. आपल्याकडेही तापात लंघन सांगितलेच आहे. यात तथ्य किती? — बँकेतून निवृत्त झालेले वाचक, पुणे

उत्तर : पहिली पायरी खरी आहे. अन्न मिळत असते तेव्हा इन्शुलिन आणि अमिनो आम्ले एमटॉर नावाच्या प्रथिनसमूहाला जागे ठेवतात आणि तो ऑटोफॅजीला आवर घालतो. उपाशी राहिल्यावर हा आवर सुटतो. एलसी-३ ला हिरवा रंग जोडलेल्या उंदरांना २४ तास उपाशी ठेवल्यावर यकृत, स्नायू अशा बहुतेक अवयवांत ऑटोफॅजी वाढलेली दिसली, मेंदूत मात्र दिसली नाही, हे २००४ मधले निरीक्षण प्रसिद्ध आहे. पण २४ तास हा चिमुकल्या उंदरासाठी फार मोठा उपवास असतो. ‘माणसाची ऑटोफॅजी बरोबर सोळाव्या तासाला चालू होते’ हे विधान घड्याळाच्या काट्यावर बसवण्याइतके मोजमाप कोणाकडेही नाही. एकादशीला साबुदाण्याची खिचडी खाणाऱ्यांनी तर एमटॉरची काळजी करूच नये, कारण साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ म्हणणाऱ्यांना हे इन्शुलिनशिवायच कळले होते.

‘विषाणू जळून जातात’ ही दुसरी पायरी मात्र पायाखालून निसटते. ऑटोफॅजी वाढली की डेंग्यूचे काय होते आणि पोलिओचे काय होते, हे वर आले आहे. शिवाय येल विद्यापीठातील रुस्लान मेझितोव्ह यांच्या गटाने २०१६ मध्ये केलेला प्रयोग येथे लक्षात घ्यावा. लिस्टेरिया या जीवाणूने बाधित उंदरांना बळेच खाऊ घातले तेव्हा ते अधिक प्रमाणात दगावले. इन्फ्लुएन्झाच्या विषाणूने बाधित उंदरांना मात्र खाऊ घातल्याने संरक्षण मिळाले, आणि त्यांच्या शरीराला ग्लुकोज वापरू न देणे घातक ठरले. दोन्ही वेळा फरक रोगजंतूंच्या संख्येत नव्हता, शरीराला ती झळ सोसण्यात होता. तापात भूक मंदावते, तेव्हा थोडे कमी खाल्ल्याने बिघडत नाही. पण पेज, ताक, वरणाचे पाणीही टाळून ‘विषाणू जाळत’ बसणे, विशेषतः लहान मुले, वृद्ध आणि मधुमेही यांच्या बाबतीत, धोक्याचे आहे.

प्रश्न : २०२० मध्ये आम्हाला हायड्रॉक्सीक्लोरोक्वीनच्या गोळ्या घेण्यास सांगितले होते. हे औषध ऑटोफॅजी रोखते असे आता वाचनात आले. मग त्याचा उपयोग का झाला नाही? — परिचारिका, कोल्हापूर

उत्तर : भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने मार्च २०२० मध्ये, लक्षणे नसलेले आरोग्य कर्मचारी आणि बाधितांच्या घरातील व्यक्ती यांच्यासाठी प्रतिबंधक म्हणून हे औषध सुचवले होते, त्यालाच धरून आपल्याला त्या गोळ्या मिळाल्या. हे औषध लयकारिकेत साचते, तेथली आम्लता कमी करते आणि घंटागाडीचे डेपोशी होणारे मीलन बिघडवते, हे खरे. विषाणूला पेशीत शिरण्यासाठी आम्लयुक्त पुटिका लागते, ती आम्लता गेली की तो अडकेल, असा तेव्हाचा तर्क होता. माकडाच्या मूत्रपिंडापासून मिळवलेल्या व्हेरो पेशींत तो खराही ठरला. पण माणसाच्या फुप्फुसातील पेशींच्या पृष्ठभागावर टीएमपीआरएसएस-२ नावाचे विकर असते. ते विषाणूचे काटेरी प्रथिन बाहेरच कापून देते, विषाणूला पुटिकेच्या वाटेने जावेच लागत नाही, आणि अशा पेशींत औषध निष्प्रभ ठरले. ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीत हे औषध दिलेल्या रुग्णालयातील रुग्णांपैकी २७ टक्के आणि न दिलेल्यांपैकी २५ टक्के २८ दिवसांत दगावले, म्हणजे लाभ दिसला नाही. बाधिताच्या संपर्कानंतर घेतल्याने संसर्ग टळतो का, याच्या चाचण्यांतही तो दिसला नाही.

त्यातही, वर सांगितलेल्या ओआरएफ-३-ए ची आठवण ठेवली तर एक विचित्र गोष्ट दिसते. ज्या विषाणूला डेपो बंद पाडणे स्वतःच हवे होते, त्याच्याविरुद्ध आपण डेपो बंद पाडणारे औषध देत होतो. ही अर्थात मागाहून सुचलेली टिप्पणी आहे. औषध अपयशी ठरण्याचे मुख्य कारण टीएमपीआरएसएस-२ चे. संधिवात किंवा ल्युपससाठी हे औषध घेणाऱ्यांनी वरील मजकूर वाचून ते थांबवू नये, त्यांच्या आजारात त्याचे काम वेगळे आहे.

प्रश्न : वनस्पतींतही ही घंटागाडी असते का? आमच्या कपाशीची पाने मुरडतात, त्यात विषाणू असतो असे सांगतात. — शेतकरी, यवतमाळ जिल्हा

उत्तर : असते. आपल्या भागात पाने मुरडण्यामागे बहुधा तुडतुडे आणि फुलकिडे असतात, तेव्हा आधी पानाची खालची बाजू पाहावी. पाने मुरडणारा विषाणूजन्य रोग मुख्यतः पाकिस्तान आणि आपल्याकडे पंजाब, हरियाणा, राजस्थान या पट्ट्यात असून तो पांढऱ्या माशीमुळे पसरतो. त्यातला एक विषाणू मुलतान या शहराच्या नावाने ओळखला जातो. त्याच्याबरोबर असणाऱ्या आणि त्याच्याच आधाराने वाढणाऱ्या उपविषाणूचे बीटा-सी-१ हे प्रथिन रोगाला कारण होते. वनस्पतीचे एटीजी-८, म्हणजे एलसी-३ चेच वनस्पतींतले रूप, या प्रथिनाला पकडून पचनासाठी पाठवते, असे २०१७ मध्ये तंबाखूच्या कुळातील एका प्रायोगिक वनस्पतीवर दाखवले गेले. बीटा-सी-१ मधले एकच अमिनो आम्ल बदलून त्याला एटीजी-८ च्या पकडीतून सोडवले, तेव्हा त्या झाडांवर रोगाची लक्षणे अधिक तीव्र झाली आणि विषाणूचे प्रमाणही वाढले.